अर्ध्या मैलावरचा बिघाड

३ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईने एप्रिलमध्ये ही वही ठेवायला सांगितली होती. रोज लिहा, काही वेगळं वाटलं तर लगेच लिहा. चार महिने वही कोरीच राहिली, कारण वेगळं काही वाटलंच नाही. आता माझी बायको लॉरीन मागे लागली आहे की पुढच्या महिन्यात दाखवायला जायचंय, कोरी वही घेऊन जाऊ नकोस, बरं दिसत नाही. म्हणून लिहितोय. माझ्यात नवीन काही नाही, तेव्हा गाडीबद्दल लिहीन.

गाडी म्हणजे माझी पिकअप. एकतीस वर्षं माझ्याकडे आहे. लग्नाला बत्तीस झाली. पूर्ण उन्हाळा तिच्या स्टिअरिंगवर घालवला. भंगारातल्या एका ट्रकचा पंप काढून हिला बसवला, ब्रॅकेट घरीच कापून वेल्ड केलं. आता चाक एका बोटाने फिरतं. लॉरीन म्हणाली, "इतकी वर्षं चाललंच ना? आता कशाला?" म्हटलं, वय झालं. "गाडीचं की तुझं?" म्हणाली.

एप्रिलचं एकदाच लिहून टाकतो म्हणजे परत लिहायला नको. १८ एप्रिलला गावाहून येताना गाडी रस्ता सोडून शेजारच्या मर्ल हॉकच्या कुंपणात शिरली. चार खांब गेले. ऊन डोळ्यांवर होतं. डॉक्टरीणबाईने डोक्याला तारा चिकटवून आलेख काढला आणि म्हणाली, थोडा वेळ तुमची शुद्ध हरपली असणार. मी म्हटलं, मला तर काहीच आठवत नाही. ती म्हणाली, मी तेच म्हणतेय. गोळ्या दिल्या. सहा महिने रस्त्यावर गाडी चालवायची नाही, मधे पुन्हा तसं झालं नाही तर परवानगी. १८ ऑक्टोबरला सहा महिने भरतात. २६ ऑक्टोबरला एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. मर्ल आणि मी एकतीस वर्षं आदल्या दिवशी डोंगरात तळ ठोकतो आणि तंबू, चूल, लाकडं सगळं माझ्या पिकअपमधून वर जातं. यंदाही जाणार. बाकी काही झालं नाही तरी चालेल, पण हे चुकवायचं नाही.

५ सप्टेंबर

आज पहिली फेरी. घरापासून टपालपेटीपर्यंत दीड मैलाची वाट आहे, सगळी माझ्या कुरणातून. डॉक्टरीणबाई म्हणाली होती ‘रस्त्यावर’. हा रस्ता नव्हे, माझं अंगण आहे.

एका फटक्यात सुरू झाली. गिअर सुरेख पडले. बरोबर अर्ध्या मैलावर, उतार लागतो तिथे, दोन उचक्या दिल्या आणि बंद. स्टार्टर फिरतो, इंजिन पेट घेत नाही. बॉनेट उघडलं. पेट्रोलचा फिल्टर काचेचा आहे, आतलं दिसतं. कोरडा ठणठणीत. टाकी अर्धी भरलेली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती जागा दिसते. पाच मिनिटांत लॉरीन तिच्या छोट्या गाडीतून कॉफीचा थर्मास घेऊन आली. मी बॉनेटमध्ये डोकं घालून होतो. तिच्या बुटाची नाडी सुटली होती, ती माझ्या दाराच्या बाजूला खाली बसून बांधत होती. मग उठली आणि म्हणाली, "आता मारून बघ." दहाबारा वेळा स्टार्टर फिरवल्यावर सुरू झाली. "मी चालवते परत, तू आवाज ऐक," म्हणाली. ऐकला. आवाजात काही नाही.

७ सप्टेंबर

पेट्रोलचा पंप काढून धुतला. आतला रबरी पडदा शाबूत आहे. टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं केलं. टाकीखाली चेसिसला लागून पेट्रोल तोडायचा पितळी कॉक आहे, सहा वर्षांपूर्वी कार्बोरेटर रात्रभर गळायचा तेव्हा मीच बसवला होता. पुढे कार्बोरेटर नीट केला आणि कॉकला हात लावायची वेळ आली नाही. परवा बंद पडली तेव्हा तोही पाहून घेतला होता. उघडा होता.

एक नवीन गोष्ट. डॅशबोर्डवरचं घड्याळ मी वसंतात चालू केलं. या वयाच्या पिकअपचं घड्याळ चालतं असं या जिल्ह्यात दुसरं नसेल. आज साडेदहाला इंजिन गरम करायला सुरू केलं, दोनेक मिनिटं बसलो असेन, पाहतो तर दहा चाळीस. घड्याळ मागे पडलेलं समजू शकतो. पुढे उडी मारलेलं पहिल्यांदाच बघतोय. लॉरीन गाडीच्या खिडकीशी उभी होती, कधी आली कळलं नाही. विचारलं, "काय करत होतास?" म्हटलं, विचार.

काम करताना मी मनगटी घड्याळ काढून ठेवतो, बॅटरीला लागलं की हात भाजतो. म्हणून घरात जाऊन पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळातही तीच वेळ. म्हणजे सुरुवातीला मीच चुकीचं वाचलं असेन. चष्मा बदलायला झालाय.

८ सप्टेंबर

पुन्हा अर्ध्या मैलावर. पुन्हा लॉरीन, पुन्हा कॉफी, पुन्हा सुरू.

१२ सप्टेंबर

मर्ल आला होता. मर्ल शेजारी, म्हणजे चार मैलांवर. त्याला सगळं सांगितलं. तो खुर्ची उलटी करून बसला आणि ऐकून घेतलं, हे त्याच्या स्वभावाला धरून नाही.

"किती अंतरावर बंद पडते?"

"अर्धा मैल. फूटपट्टीने मोजल्यासारखं."

"आणि थोडा वेळ थांबलं की सुरू होते."

"लॉरीन येईपर्यंत थांबलं की."

"वाफ," मर्ल म्हणाला. "नळीत पेट्रोलची वाफ अडकते. गार झाली की सुटते. माझ्या बापाच्या ट्रकला हेच व्हायचं. नळीवर कपड्यांचे लाकडी चिमटे लाव."

"चिमटे."

"लाकूड उष्णता ओढून घेतं. हसू नकोस. बापाने चाळीस वर्षं लावले."

"आणि बंद पडायची थांबली?"

"कमी झाली," मर्ल म्हणाला.

माझा विश्वास नाही. सप्टेंबरात इथे सकाळी गवतावर दहिवर पडतंय, वाफ कुठून धरणार? पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळत नसलं की माणूस काहीही करून बघतो. लॉरीनकडे चिमटे मागितले.

"किती हवेत?"

"अकरा."

"बारा घे. एखादा तुटतो." तिने दोरीवरचे काढून मोजून दिले. चेहरा इस्त्री केल्यासारखा. मर्लने तिच्याकडे पाहिलं आणि मग बुटांकडे पाहत बसला.

१३ सप्टेंबर

बारा चिमटे लावले. अर्ध्या मैलावर बंद. लॉरीनने आज कॉफीबरोबर केकही आणला होता. तिच्या हातांना पेट्रोलचा वास येत होता. ही गाडी चालवली की वास लागतोच, पण आज तिने अजून चालवली नव्हती. आमच्या पूर्ण घरालाच तो वास असावा, मला इतक्या वर्षांत कळत नसेल.

१६ सप्टेंबर

नवीन पंप बसवला. अर्ध्या मैलावर बंद.

घड्याळाने पुन्हा उडी मारली, या वेळी सात मिनिटं. उद्या खोलून बघतो.

१७ सप्टेंबर

घड्याळ खोललं. दाते साफ, स्प्रिंग उत्तम. टेबलावर ठेवून चार तास चालवलं आणि भिंतीवरच्याशी ताडून पाहिलं. एका सेकंदाचा फरक नाही. टेबलावर बरोबर चालतं आणि गाडीत उड्या मारतं. म्हणजे दोष वायरिंगमध्ये.

२३ सप्टेंबर

डॅशबोर्डमागचं वायरिंग नवीन टाकलं. सगळा आठवडा त्यात गेला. लॉरीन विचारत होती, "हे झालं की काय?" म्हटलं, झालं की पुन्हा फेरी. "म्हणजे या आठवड्यात फेरी नाही?" नाही म्हटलं. त्या रात्री तिने लेफसे, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या केल्या. एरवी त्या नाताळाशिवाय होत नाहीत. तव्यावरून सरळ ताटात, लोणी आणि साखर लावून. मी पाच खाल्ल्या.

२७ सप्टेंबर

फेरी. अर्ध्या मैलावर बंद. नळी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत बदलायची ठरवली. मर्ल फोनवर म्हणाला, रोग म्हशीला आणि औषध पखालीला चाललंय तुझं, गाडी विकून टाक. मी फोन ठेवला.

एक नोंद करून ठेवतो, उपयोगी पडेल. लॉरीन शेजारी असताना गाडी एकदाही बंद पडलेली नाही. येताना नेहमी तीच चालवते, कदाचित हळू चालवते म्हणून. पुढच्या वेळी मीही हळू जाऊन बघेन.

२८ सप्टेंबर

हळू गेलो. अर्ध्या मैलाच्या आधीच बंद.

४ ऑक्टोबर

नळी बदलून झाली. चिमटे परत लावले, असू देत. गाडीखालून बाहेर आलो तर लॉरीन माझं नाव घेत होती, म्हणाली कितीतरी वेळ हाका मारतेय. इंजिन बंद होतं, गॅरेजात चिडीचूप, तरी मला ऐकू आलं नाही. कानही तपासून घ्यायला हवेत. चष्मा आणि कान दोन्ही एकदमच करू.

तिला म्हटलं, चौदा दिवस राहिले. "कशाला?" म्हणाली. जसं काही तिला माहीतच नाही. परवानगीला, म्हटलं.

१० ऑक्टोबर

लॉरीन सकाळी दातांच्या डॉक्टरकडे गेली, मर्लच्या बायकोबरोबर. मी फेरीला निघालो. अर्ध्या मैलावर बंद.

आज कोणी येणार नव्हतं, तेव्हा घाई नव्हती. नेहमी मी इंजिनकडून मागे शोधत जातो. आज टाकीकडून पुढे आलो. पहिलीच जागा कॉक. बंद होता. नळीत आणि कार्बोरेटरात उरलेल्या पेट्रोलवर गाडी जेमतेम अर्धा मैल जात होती.

उघडला, गाडी सुरू झाली. टपालपेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. सव्वा महिन्यात पहिल्यांदा.

खडखडाटाने कॉक आपोआप फिरत असेल का? पांढऱ्या रंगाने त्याच्या दांड्यावर आणि नळीवर एकच रेघ मारली आणि खड्ड्यांतून सहा फेऱ्या केल्या, जोरात. रेघ जुळलेली राहिली, केसभरही हलली नाही. म्हणजे धक्क्याने फिरत नाही, हाताने फिरतो. या घरात हात दोन माणसांचे, आणि मी फिरवलेला नाही.

मग ही वही पहिल्यापासून वाचली. लॉरीन जवळजवळ प्रत्येक नोंदीत आहे. नाडी, थर्मास, केक. मी कॉक पाहायचो तो ती आल्यानंतर.

राग आला. लिहून ठेवतो, फार राग आला. तिला मी डोंगरात गेलेलं नको आहे. बत्तीस वर्षं तोंडाने कधी बोलली नाही, ताकास तूर लागू दिली नाही आणि आता हे. माझा पंप, माझी नळी, माझा सव्वा महिना.

संध्याकाळी ती गाल सुजवून आली. "कसा गेला दिवस?" म्हणाली. म्हटलं, ठीक.

११ ऑक्टोबर

कॉक उघडा ठेवून त्याच्या दांड्याला तार गुंडाळली आणि चेसिसला आवळून बांधली. पक्कड वापरल्याशिवाय सुटणार नाही. तिला काही बोललो नाही.

१२ ऑक्टोबर

संध्याकाळी ती कोंबड्यांना कोंडायला गेली आणि नेहमीपेक्षा उशिरा आली. गुडघ्यांना माती होती. हात धुतले आणि टेबलाशी माझ्यासमोर बसली.

"तार तू बांधलीस?"

"हो."

"कधी कळलं?"

"परवा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंस?" ती म्हणाली. "जूनमध्ये चावी लपवली होती. तू दहा मिनिटांत तारा जोडून गाडी सुरू केलीस आणि वर मला बोलावून दाखवलंस, बघ किती सोपं असतं."

हे खरं आहे.

"पण गाडीत बिघाड असला की तू ती कुठे नेत नाहीस. सापडेपर्यंत शोधत बसतोस, जेवण विसरून. म्हटलं, शोधू दे. अर्ध्या मैलापलीकडे तर जाणार नाही."

"मला डोंगरात जाऊ द्यायचं नाही, एवढंच ना?"

"डोंगराचं मला काय करायचंय? तू चार दिवस नसलास की मी पूर्ण पलंगावर पाय पसरून झोपते."

मग तिने खणातून कॅलेंडर काढलं. पशुखाद्याच्या दुकानाचं, भिंतीवर लावलेलं नव्हतं. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं.

"सात सप्टेंबर," ती वाचू लागली. "साडेदहाच्या सुमाराला. गाडी सुरू होती, तू चाकावर हात ठेवून बसला होतास. हाक मारली, वळला नाहीस. जवळ आले. डोळे उघडे होते, ओठ काही चघळल्यासारखे हलत होते. तुझ्या तोंडापुढे हात हलवला. काही नाही. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. नऊ मिनिटं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं तुला, काय करत होतास. तू म्हणालास, विचार."

मी वही आणली. सात सप्टेंबर, घड्याळाची उडी. ती पुढची तारीख वाचे आणि मी पान उलटे. सोळा सप्टेंबर तिच्याकडे सहा मिनिटं, माझ्याकडे सात. चार ऑक्टोबर माझ्याकडे फक्त कान तपासायला हवेत. तिच्याकडे: गाडीखाली, पाय बाहेर, उजवा बूट हलत होता, अकरा मिनिटं, सर्वांत लांब. आणखी एक तारीख होती, चोवीस सप्टेंबर, बागेत. त्या दिवशी माझ्या वहीत काही नाही.

मला खोटं ठरवायचं होतं तिला. जमलं नाही. दोन निरनिराळे मीटर लावले आणि दोन्हींनी जवळजवळ एकच आकडा दाखवला तर मीटरला दोष देता येत नाही.

"कॉक बंद केलास," मी म्हटलं, "पण गाडीत मी अर्धा मैल तरी होतोच की."

"अर्धा मैल मला दिसतो," ती म्हणाली. "आणि त्या अर्ध्या मैलात गवताशिवाय काही नाही. पुढे ओढा आहे."

घड्याळ बरोबर आहे.

१३ ऑक्टोबर

भीती वाटते. डॉक्टरीणबाईने म्हटलं होतं, वेगळं वाटलं तर लिहा.

१५ ऑक्टोबर

दाखवून आलो. लॉरीनने चालवली, तिची छोटी गाडी. डॉक्टरीणबाई तरुण आहे, माझ्या मुलीच्या वयाची असती, आम्हाला मुलगी असती तर. तिने पूर्ण वही वाचली. आम्ही दोघं समोर बसलो होतो शाळेत बसवल्यासारखे. चिमट्यांच्या पानावर ती थांबली आणि म्हणाली, "हे खरंच करतात?" म्हटलं, करतात. "उपयोग होतो?" नाही, म्हटलं.

मग सहा महिने नव्याने मोजायचे म्हणाली, चार ऑक्टोबरपासून. म्हणजे एप्रिल. तेही मधे काही झालं नाही तर. गोळी बदलली. "तुम्ही नोंदी फार चांगल्या ठेवल्यात," म्हणाली. मी म्हटलं, गाडीच्या ठेवल्यात. "हो," ती म्हणाली, "कळलं ते."

येतानाही लॉरीननेच चालवली. आपल्या मनासारखं झालं की बायका बोलतात, ही बोलली नाही. रडत होती. मी रेडिओ लावला, मग बंद केला.

१६ ऑक्टोबर

मर्लला फोन केला. सांगितलं की यंदा नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"एप्रिलमध्ये तू माझ्या कुंपणात बसला होतास आणि मी काच ठोकत होतो," मर्ल म्हणाला. "तू माझ्याकडे बघत होतास, आर्विड. बघत होतास आणि मी तिथे नव्हतोच. माहीत असणारच."

"मग चिमटे?"

"चिमट्यांचं आधी मनापासून सांगितलं. नंतर तुझ्या बायकोचा चेहरा पाहिला."

सामान त्याच्या गाडीत मावणार नाही. ट्रेलर भाड्याने आणतो म्हणाला. मी हो म्हटलं. लॉरीन भांडी पुसत होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"ट्रेलर नको आणू. पिकअप मी चालवते."

मर्लचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. तळावर एकतीस वर्षांत बायका आलेल्या नाहीत, तशी रीत नाही, तिथे संडास नाही, आणि मग भांडी कोण घासणार हा प्रश्न मात्र सुटेल.

"तू घासशील," लॉरीन म्हणाली आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, तुला चार दिवस पाय पसरून झोपायचं होतं ना. म्हणाली, तंबूतही पसरता येतात.

१९ ऑक्टोबर

लॉरीन जेमतेम पाच फूट. वाटेवर चालवत होती तेव्हा पाठीमागे उशी घेऊन, पायांच्या बोटांनी क्लच दाबत होती, हे मला आज कळलं. इतके दिवस मी शेजारी बसून इंजिनचा आवाज ऐकत होतो. डोंगरात हे चालायचं नाही. टणक लाकडाचे ठोकळे कापले, क्लच आणि ब्रेकच्या पेडलला बोल्टने बसवले, वर जुन्या टायरचा रबर चिकटवला. सीट चार इंच पुढे घेतली, दोन लोखंडी पट्ट्या लावून. सीटखाली माझी इतक्या वर्षांची धूळ होती आणि एक हातमोजा, मीच कुत्र्याला दोष दिला होता त्याचा. कुत्रं मरून नऊ वर्षं झाली.

आता मी चालकाच्या बाजूने बसायला गेलो तर गुडघे चाकाला लागतात. बसताच येत नाही. ठीक आहे.

२१ ऑक्टोबर

शिकवणी. टेकडीवर पाच फेऱ्या. चारही चाकांना जोर देणारं फोर-व्हील टाकताना दांडा ढकलायचा असतो, ती खेचते. सांगितलं तर म्हणाली, "गायीशी बोलतोस तसं माझ्याशी बोलू नकोस." म्हटलं, गायीशी मी नीट बोलतो. तेच म्हणतेय, म्हणाली. शेवटच्या दोन फेऱ्या मी गप्प बसलो आणि तिने व्यवस्थित केल्या. पॉवर स्टिअरिंगचं कौतुक केलं तिने. एक बोट पुरतं, म्हणाली.

२३ ऑक्टोबर

कॉकच्या तारेचे वेढे सोडवले. कॉक उघडाच आहे. चिमटेही काढून दिले तिला, अकरा. बारावा तुटला.

बंदूक तेल लावून कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली लॉरीनला दिली. हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने किल्ली घेतली, जपून घेतली, आणि आतल्या खोलीत गेली. मी तळावर स्वयंपाक करीन. मर्लला माझे पॅनकेक आवडत नाहीत, पण तो खाईल.

२५ ऑक्टोबर, तळावर

पोचलो. बर्फ कमी आहे, थंडी बेताची. मर्ल चूल पेटवतोय आणि लॉरीनला लाकडं कशी रचायची ते सांगतोय. ती ऐकत नाहीये. मी तंबूत बसून हे लिहितोय, दोघांनीच मला इथे पिटाळलं.

सकाळी सातला निघालो. मर्ल पुढे गेला होता. पक्क्या रस्त्याचे चाळीस मैल काही झालं नाही. डोंगराची वाट लागली तेव्हा मी लॉरीनला पुलाबद्दल सांगितलं. लाकडी पूल आहे, एका गाडीपुरता, कठडा नाही, खाली चाळीस फुटांवर नदी. फळ्या दोन ठिकाणी सरकलेल्या असतात. पूल दिसला की थांब, मी खाली उतरतो, पुढे उलटा चालत जातो आणि हाताने खूण करतो तशी चाकं आण. "बरं," म्हणाली. दोनदा सांगितलं. दोनदा बरं म्हणाली.

मग मर्लबद्दल बोलत होतो. एकदा त्याने झोपेत स्वतःच्याच बुटाला अस्वल समजून लाथ मारली होती, ते. तिने ऐकलेलं नव्हतं. ती हसत होती हे आठवतं.

नंतर मी म्हटलं, "पूल अजून कसा आला नाही?"

तिने गिअर उतरवला. वळण घेतलं, सरळ झाली आणि मग म्हणाली, "गेला, आर्विड."

"कधी?"

"पंधरा मिनिटं झाली असतील."

"मी उतरलो नाही?"

"नाही."

"मग चाकं कोणी बघितली?"

"मीच. आधी थांबले, तुझा श्वास सरळ होईपर्यंत. मग उतरून पुलावरून चालत गेले आणि चालत परत आले. एक फळी सरकलेली होती, पायाने लोटली. मग गाडी घातली."

मी मागे वळून पाहिलं. झाडं होती नुसती, पाण्याचा आवाजही येत नव्हता. माझ्या अंगावर तिचा कोट होता, तो कधी घातला माहीत नाही. मी गाडी चालवत असतो, तर कथा सांगत सांगतच पुलावरून खाली गेलो असतो. मर्लच्या बुटाची. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. तिने पाहिलं, पण रस्त्यावरून नजर हलवली नाही, आणि तेच बरोबर होतं.

शेवटचा चढ आला. तो वाईट आहे, मोकळे दगड आहेत. तिने गाडी थांबवली.

"इथे कोणता गिअर?" तिने विचारलं.

"दुसरा," मी म्हटलं.

तिने दुसरा टाकला आणि आम्ही वर आलो.